गॅलिशियन भाषेचे मूळ आणि गॅलिशियन लोकांचे कुळ



भाषेचे मूळ आणि ती बोलणाऱ्यांचे कुळ हे दोन वेगळे शोध आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की इतिहासाची जागा अभिमान घेतो, हे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गॅलिशियाच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते. टेकड्यांवरील 'कास्त्रो' नावाच्या तटबंदीच्या वस्त्यांत राहणाऱ्या कल्लेकी लोकांवर रोमन सेना इ.स.पू. दुसऱ्या शतकात चालून गेली, सम्राट ऑगस्टसच्या काळात हा मुलूख पुरता रोमच्या अंमलाखाली आला, आणि त्या लोकांच्याच नावावरून पुढे 'गल्लेकिया' हे प्रांतनाम रूढ झाले. पाचव्या शतकात जर्मानिक सुएबी आले, ब्रागा येथे राजधानी करून त्यांनी 585 पर्यंत राज्य केले. काही व्यक्तिनामे आणि स्थलनामे सोडली, तर प्रजेची लॅटिन बोली मात्र त्यांना बदलता आली नाही.

एकोणिसाव्या शतकात इतिहासकार मानुएल मुर्गीया यांनी गॅलिशियन लोकांचे केल्टवंशीयत्व हिरिरीने मांडले आणि उपेक्षित प्रदेशाला त्यातून स्वत्वाचे भान आले, हे मोलाचेच आहे. प्राचीन नावांत केल्टिक अंश आहेत, हेही खरे. तथापि वंशाच्या या कल्पनेतून भाषेची उत्पत्ती सिद्ध होत नाही, कारण गॅलिशियनचे व्याकरण आणि तिच्या शब्दसंग्रहाचा गाभा लॅटिनमधूनच आला आहे.

तिचे वेगळेपण ध्वनिपरिवर्तनात, म्हणजे उच्चारांच्या नियमबद्ध बदलात, सापडते. दोन स्वरांमधील 'न' आणि 'ल' येथे लोपले, म्हणून चंद्रवाचक लॅटिन 'लूना' स्पॅनिशमध्ये 'लुना' राहिला, गॅलिशियनमध्ये 'लूआ' झाला. शब्दारंभीच्या 'क्ल'चा 'च' झाला, म्हणून 'क्लावेम'पासून मध्ययुगीन 'चावे' निघाला, आणि पोर्तुगीजांकरवी मराठीत आलेली 'चावी' हे त्याच नियमाचे दूरवरचे फळ आहे. पोर्तुगीजचा उल्लेख येथे अपरिहार्य ठरतो, कारण मिन्यो नदीच्या दोन्ही तीरांवर मध्ययुगात एकच भाषा नांदत होती. बाराव्या शतकात पोर्तुगाल स्वतंत्र राज्य झाले, गॅलिशिया लिओन व कास्तिल यांच्या सत्तेखाली राहिला, आणि राजकीय सीमेने एका भाषेच्या दोन वाटा केल्या. ही फाटाफूट पूर्ण होण्यापूर्वी गेयकाव्यासाठी या भाषेचा लौकिक असा होता, की तेराव्या शतकात कास्तिलचा राजा आल्फोन्सो दहावा याने मेरीमातेची स्तोत्रगीते स्वभाषेत न रचवता हिच्यात रचवून घेतली.

पुढे दरबार, चर्च आणि लेखनव्यवहार कास्तिलियनकडे, म्हणजे स्पॅनिशकडे, गेला. सोळाव्या ते अठराव्या शतकांना 'अंधारी शतके' म्हटले जाते, पण त्या काळात भाषा टिकवली ती शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी, आणि त्यांचे हे ऋण विद्वानांनी पुरेसे मानलेले नाही. 1863 मध्ये रोसालिया दे कास्त्रो यांच्या 'कांतारेस गालेगोस' या काव्यसंग्रहाने लिखित परंपरा पुन्हा उभी राहिली, हवानात स्थायिक झालेल्या गॅलिशियनांच्या पाठबळाने 1906 मध्ये गॅलिशियन अकादमी स्थापन झाली, आणि स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीतील दडपणानंतर 1981 च्या स्वायत्तता कायद्याने गॅलिशियनला स्पॅनिशबरोबर राजभाषेचे स्थान मिळाले. तरीही शहरांतील तरुण पिढीत तिचा वापर घटत आहे.

गोव्यात आणि महाराष्ट्रात पोर्तुगीज जाणणारे अभ्यासक आजही आहेत. थोड्या परिश्रमाने त्यांना गॅलिशियन वाचता येईल. रोसालिया यांची कविता इंग्रजीच्या वळणवाटेने न आणता त्यांनी ती मुळातून थेट मराठीत आणावी, असे आवाहन या अध्यक्षपीठावरून करण्यात येत आहे.