वसईचा मुलगा जपानांत



वसईच्या किल्ल्यांत आज जीं भग्न देवळें दिसतात, त्यांपैकीं एक जेझुइट मंडळींचें. सोळाव्या शतकांत त्यांच्या शाळेंत गोन्सालो गार्सिया नांवाचा एक मुलगा शिकत असे. त्याचा जन्म १५५६ किंवा १५५७ चा. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. पुढें १८६२ सालीं रोमच्या धर्मपीठानें ह्या वसईकराला संतपद दिलें. गास गांवच्या चर्चला त्याचें नांव आहे, वसईंतील एका महाविद्यालयालाही आहे. त्याचें मरण आमच्याकडे लहानथोरांना ठाऊक असतें. परंतु त्या मरणाच्या तेजांत त्याचे परदेशांतील पहिले दिवस अगदीं झांकोळून गेले आहेत. आज मला त्या दिवसांविषयींच बोलावयाचें आहे.

१५७२ च्या सुमारास सेबास्तियन गोन्साल्विस नांवाच्या जेझुइट धर्मगुरूंनीं त्याला आपल्याबरोबर जपानला नेलें. त्या वेळीं त्याचें वय पंधरा-सोळा, म्हणजे आपल्या दहावीच्या वर्गांतील मुलाएवढें. प्रवास सोपा नव्हता. पूर्वेकडे जाणारीं जहाजें गोव्याहून एप्रिल-मेमध्यें सुटत, मलाक्क्याला थांबत आणि मग चीनच्या किनाऱ्यावर मकाव गांठीत. व्यापारी जहाजें तेथें रेशमाच्या खरेदीसाठीं आणि अनुकूल वाऱ्यासाठीं कित्येकदां दहा-बारा महिने अडकून पडत. आईला पाठविलेल्या पत्राचें उत्तर यावयाचें तर दोन-तीन वर्षांची निश्चिंती!

जपानांत धर्मप्रसाराला प्रारंभ होऊन तेव्हां जेमतेम वीस-बावीस वर्षें झालीं होतीं. सेंट फ्रान्सिस झेवियर, ज्यांचे पाय पूर्वीं आमच्या वसईलाही लागले होते, ते १५४९ मध्यें कागोशिमा येथें उतरले. नागासाकी बंदर पोर्तुगीज जहाजांना खुलें झालें तें १५७१ सालीं. देशांत सरदारासरदारांचीं युद्धें चाललीं होतीं आणि ओदा नोबुनागाचा अंमल वाढत होता.

अशा ठिकाणीं ह्या मुलानें प्रथम काय केलें? तो भाषा शिकला. हें वाक्य उच्चारण्यास सोपें आहे. तेथील जेझुइटांचे तत्कालीन प्रमुख फ्रान्सिस्को काब्राल यांचें मत असें कीं, जपानी भाषा युरोपियनांना साधणें जवळजवळ अशक्यच. गोन्सालोला ती साधली, आणि चांगली साधली. मला यामागें एक कारण दिसतें. तो माझा तर्क आहे, पण जन्मभर व्याकरण शिकविलेल्या माणसाला तो सुचल्यावांचून राहात नाहीं. जपानींत क्रियापद मराठीप्रमाणेंच वाक्याच्या शेवटीं येतें. आपण ‘घरांत’, ‘घरापासून’ असे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययें नामामागून जोडतों, तसेंच तेंही करतात. समोरच्याची पायरी पाहून बोलण्याचें रूप बदलण्याची रीत तर तेथें आपल्या ‘तूं’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांहूनही बारीक आहे. लिस्बनहून आलेल्या प्रौढ पंडिताला जें उफराटें वाटे, तें आईच्या मांडीवर वसईची बोली ऐकलेल्या मुलाच्या कानाला ओळखीचें वाटलें असल्यास नवल काय?

राहणीचेंही तेंच. पादत्राणें दाराशीं काढणें, जमिनीवर बसणें, भात आणि मासळी खाणें, यांत वसईच्या मुलाला परकें तें काय! गोमांसाहाराविषयीं मात्र जपानी लोकांना किळस असे, आणि पोर्तुगीजांना तर त्याची संवय. हा वाद इतका वाढला कीं, १५७९ मध्यें तपासणीसाठीं आलेले वालिन्यानो यांनीं काब्राल यांचें धोरणच फिरविलें. पाहुण्याला चहा कसा द्यावा येथपासून जपानी शिष्टाचाराचे नियम त्यांनीं १५८१ मध्यें लिहून काढले.

गोन्सालो सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षकाचें काम करीत होता. जेझुइट संघांत आपल्याला घ्यावें ही त्याची इच्छा. ती पुरी झाली नाहीं. ज्यांच्याबरोबर कोंवळ्या वयांत घर सोडलें, त्यांच्याच दारांत उभें राहून परत फिरणें किती जड गेलें असेल! तो व्यापारांत पडला आणि त्यांत त्याला यशही आलें. पुढें मनिलाला गेला असतां तेथील फ्रान्सिस्कन संघांत तो सामान्य बंधु म्हणून, म्हणजे पुरोहितदीक्षेवांचून, दाखल झाला.

भाषेची ती जुनी कमाई कामास आली १५९३ सालीं. फिलिपाइन्सच्या गव्हर्नरनें पेद्रो बाउतिस्ता यांना वकील करून हिदेयोशीकडे पाठविलें. ह्याच सत्ताधीशानें १५८७ मध्यें पाद्र्यांना देश सोडण्याची आज्ञा काढलेली. क्यूशू बेटावरील नागोया येथें, कोरियावरील स्वारीच्या ऐन धामधुमींत, भेट झाली. हिदेयोशी स्पेनच्या प्रजेकडून मांडलिकत्व मागत होता. अशा दरबारांत एक शब्द कमीअधिक झाला तरी जीव जावयाचा. दुभाष्या होता आपला गोन्सालो. हे पाहुणे मारले गेले नाहींत. इतकेंच नव्हे, तर क्योतो येथें त्यांना देऊळ बांधतां आलें. कुष्ठरोग्यांची शुश्रूषाही ते करूं लागले.

हें तीन वर्षें टिकलें. १५९६ मध्यें ‘सान फेलिपे’ हें स्पॅनिश जहाज तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागून फुटलें, आणि त्या भानगडींतून हिदेयोशीचा कोप उसळला. क्योतोमध्यें कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यांत आली. मग ऐन थंडींत त्यांना नागासाकीपर्यंत नेलें, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर देण्यांत आलें. गोन्सालो तेव्हां चाळिशीचा होता.

त्या टेकडीवर १९६२ सालीं, संतपदाला शंभर वर्षें झालीं तेव्हां, सव्वीस मूर्ति ओळीनें उभारल्या गेल्या. त्यांत वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा आहे.