कोठाराची किल्ली

(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देवाची आज्ञा पाळावी, असे सगळेच म्हणतात. पण ती आज्ञा यायची कुठे? आपल्याला वाटते गाभाऱ्यात, पोथीत, फार तर एकादशीच्या कीर्तनात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांना ती नोकरीच्या जागी आली.

पंत हे बिदरच्या बहामनी बादशहाचे अंमलदार. सरकारी धान्याची कोठारे त्यांच्या ताब्यात. इ. स. १४६० च्या सुमारास पाऊस गेला आणि भयंकर दुष्काळ पडला. त्या दुष्काळाला नाव राहिले ते दामाजीपंतांचे. बादशहाचे नव्हे, कुणा सरदाराचेही नव्हे!

महिपतींनी १७६२ साली रचलेल्या भक्तविजयात ही कथा आहे. पंढरपूरचा एक ब्राह्मण पंतांच्या घरी जेवायला बसला आणि वाढलेले पान पाहून रडू लागला. घरी त्याची मुलेबाळे उपाशी होती. पंतांनी त्याला धान्य दिले. ती वार्ता पसरली, भुकेली माणसे मंगळवेढ्याच्या वाटेला लागली आणि कोठारे उघडली गेली.

धान्य सरकारचे, वरून हुकूम नाही. दप्तरात चार पायली कमी भरली तर काय होते, ते नोकरी केलेल्यांना सांगायला नको. इथे तर कोठारेच रिकामी! कुणी म्हणेल, दुसऱ्याचा माल वाटणे हा कसला धर्म? शंका रास्त आहे. पण ते धान्य पिकवले होते रयतेनेच, आणि पंतांनी त्यातले आपल्या घरात भरले नाही. बादशहाचे बोलावणे आले तेव्हा ते पळूनही गेले नाहीत. जाताना मागितले ते एवढेच, की वाटेत पंढरपूरचे दर्शन होऊ द्यावे.

इकडे पांडुरंग विठू महाराच्या रूपाने बिदरला गेला, सगळी रक्कम भरली आणि पावती घेतली. ती पंतांना पुढे आपल्या गीतेच्या पोथीत सापडली. पंतांना आधी यातले काहीच ठाऊक नव्हते. किल्ली फिरवताना त्यांच्यासमोर शिक्षा होती, पावती नव्हती. देवाचा आशीर्वाद आधी पोचला तो भुकेल्यांच्या ताटात, मग पंतांकडे. आपण मात्र नवस बोलतानाच हिशेब मांडतो.

आपल्यापैकी कुणाच्या हाती कोठार नाही. पण कुणाच्या हाती दुकानाचा तराजू आहे, कुणाच्या हाती दुधाचे माप, कुणाच्या हाती पाटाच्या पाण्याची पाळी. म्हाताऱ्या आईला वेळेवर भाकरी देणे सुनेच्या हाती आहे, आणि मुलाच्याही आहे.

या कथेतली आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. जे रूप देवाने स्वतः घेतले, त्या समाजाच्या माणसांना पंढरपूरच्या देवळात शतकानुशतके प्रवेश नव्हता. चोखोबांची समाधीही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीपाशी. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तिथे दहा दिवस उपोषण केले, तेव्हा कुठे दार उघडायचे ठरले.

आजच्या भंडाऱ्याची पंगत एकच धरली आहे. वेगळी ओळ कुणाची नाही, वाढायला सगळ्या आळ्यांतली मुले आहेत. सर्वांनी प्रसाद घेतल्याशिवाय जाऊ नये.