सुरकुती गुडघ्यावर, कारण मांडीत

बसल्या जागी एक गोष्ट करून पाहा. एक पाय पुढे लांब करा, टाच जमिनीला टेकवा आणि पाय अगदी ढिला सोडा. गुडघ्याच्या वाटीच्या जरा वरची कातडी चिमटीत धरा. सहज हातात येते. ती तशीच धरून गुडघा हळूहळू वाकवा. कातडी ताणली जाते आणि चिमटीतून निसटते. पाय सरळ असताना जी कातडी जास्तीची वाटते, ती गुडघा वाकताना सगळी लागते.

आपण तर मांडी घालून जेवणारी, उकिडवं बसून भाजी निवडणारी माणसं. गुडघा पूर्ण दुमडायचा तर पुढची कातडी लांब हवीच. १९६४ साली संशोधक आर्थर आयबेरॉल यांनी अमेरिकेत हवाई दलाच्या दाबपोशाखांसाठी (प्रेशर सूट) याच गोष्टीचा अभ्यास केला. शरीर वाकताना कातडी कुठे ताणते आणि कोणत्या रेषांवर तिची लांबी जवळजवळ बदलत नाही, याचे त्यांनी नकाशेच काढले. तेव्हा गुडघ्यावर थोडी घडी असणं हा दोष नाही. ती विशीतही असते.

फरक असा, की विशीत पाय सरळ केला की ही कातडी झटकन आवळून जागेवर बसते. साठीत ती वाटीच्या वर दुमडून पडून राहते. ती आवळणारी शक्ती इलॅस्टिनच्या तंतूंची. हे तंतू शरीर मुख्यतः गर्भात आणि बालपणात तयार करतं आणि तीच पुंजी आयुष्यभर पुरवायची असते. कातडीला बळकटी देणारं कोलॅजन मोठेपणी दरवर्षी साधारण १ टक्क्यानं घटतं. बायकांच्या बाबतीत पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत ते जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतं. पन्नाशीतली बाई सांगते, ‘डॉक्टर, हे एकदमच झालं हो,’ तेव्हा ती खरंच सांगत असते. तिला ‘वय झालं’ म्हणून वाटेला लावू नये.

उन्हाचं काय? ऊन कोलॅजन तोडतं, हे खरं. पण साडीत किंवा पँटमध्ये जन्म गेलेल्या गुडघ्यानं ऊन पाहिलेलंच नसतं, तरी तो सैल पडतो. भातलावणीत साडी वर खोचून वाकणाऱ्या बायकांची गोष्ट वेगळी. आपल्यापैकी बहुतेकांच्या गुडघ्यांचं उत्तर उन्हात नाही, कातडीच्या खाली आहे.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला चरबीचा थर पातळ असतो. वाटीच्या वर कातडीला आतून भरीव आधार देतो तो मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स. त्याचा एक भाग वाटीच्या वर, आतल्या अंगाला थेंबासारखा फुगलेला असतो. आता पाय तसाच लांब ठेवून मांडी कडक करा. वाटी वर ओढली जाईल आणि हा फुगवटा बोटांना लागेल. तो लागत नसेल, तर तुमच्या सुरकुतीचं कारण तुम्ही बोटांनी शोधलंत. लोडातला कापूस बसला की खोळ सैल पडते, तसंच हे. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर आणखी वेगानं. उपास करून झपाट्यानं वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो. कातडी तेवढी मागे राहते.

आणि गुडघा दुखणाऱ्यांचं तर चक्रच सुरू होतं. सांध्यात सूज आली, पाणी झालं, की मज्जासंस्था या स्नायूला जोर लावूच देत नाही. त्यात दुखतं म्हणून माणूस जिना टाळतो, जमिनीवर बसणं सोडतो. स्नायू आणखी वाळतो. सांध्याचा आधार गेल्यानं दुखणं वाढतं.

अशा वेळी गुडघ्याला महागडं क्रीम चोळणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. क्रीमनं कोरडेपणा जातो, बारीक रेघा कमी दिसतात, इतकंच. कोलॅजनची पावडर पोटात पचते. तिचे तुकडे गुडघ्याकडेच जावेत, अशी काही सोय शरीरात नाही. तिच्या बाजूनं दाखवल्या जाणाऱ्या बऱ्याच चाचण्या विकणाऱ्या कंपन्यांच्याच पैशावर झालेल्या असतात.

त्यापेक्षा घरी एक परीक्षा घ्या. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची. हात छातीवर, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयात पुरुषांचं १२ आणि बायकांचं ११ च्या खाली आलं, तर मांडी कमजोर आहे आणि पडण्याचा धोका आहे. व्यायाम साधा आहे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. हे जमू लागलं की खुर्चीवरून उठबस. सैल कातडी यानं पूर्ववत होणार नाही, हे स्पष्ट सांगतो. आतली भर मात्र सत्तरीतही वाढते.

त्यासाठी ताटात प्रथिनं हवीत. साठीपुढे वजनाच्या दर किलोमागे रोज किमान १ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला ६० ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.) वाटीभर घट्ट वरणातून ६-७ ग्रॅम मिळतात. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी पोळीभाजी आणि रात्री मऊ भात, असा दिवस काढणाऱ्या आया-मावश्या मी रोज पाहतो. सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाशी उरलेली आमटी त्यांच्या वाट्याला येते. उसळ, दही, अंडं, चालत असेल तर मासे, हे त्यांच्या ताटात आधी पडलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र घरी बसून सोसू नका. दोन्ही मांड्यांना वाटीपासून सारख्याच अंतरावर शिंप्याची टेप लावा. एकाच पायाची मांडी बारीक झाली असेल, एकाच गुडघ्यावर कातडी लोंबत असेल, तर ते वय नव्हे. गुडघ्यातली जुनी दुखापत असेल, नाही तर कमरेच्या मणक्यातून येणारी नस दबली असेल. ते त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.