कुरूपता आणि कला

चित्रप्रदर्शनांतून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाच्या तोंडीं एक वाक्य अनेकदां येतें : "चित्र फार कुरूप आहे." या वाक्यांत दोन अगदीं निराळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. चित्राचा विषय कुरूप असूं शकतो. अथवा चित्रणच कुरूप, म्हणजे सदोष, असूं शकतें. या दोहोंतला भेद ओळखणें ही रसिकतेची पहिली पायरी होय.

नाट्यशास्त्रांत भरतमुनींनीं जे आठ रस सांगितले, त्यांत शृंगाराबरोबर बीभत्सालाहि स्थान दिलें आणि जुगुप्सा हा त्याचा स्थायीभाव मानला. किळस ही जीवनांतली खरी भावना आहे. मग कलेनें तिला दाराबाहेर कां ठेवावें?

वेरूळच्या एकविसाव्या, म्हणजे रामेश्वर लेण्यांत याचें प्रत्यक्ष उत्तर मिळतें. दर्शनी भागीं मकरावर उभी असलेली गंगा आहे. तिच्या देहाचा डौल पाहून यात्रिक थबकतो. आंत मात्र सप्तमातृकांच्या सान्निध्यांत काल आणि काली यांचे अस्थिपंजर कोरलेले आहेत : बरगड्या उघड्या, पोट खपाटीला गेलेलें. ज्या निष्ठेनें गंगेचा कमनीय देह घडविला, त्याच निष्ठेनें या बरगड्याहि घडविल्या आहेत. विषय भयाण, शिल्प समर्थ. यौवनाइतकाच मृत्यूहि खरा आहे, हें सांगण्यास त्या शिल्पकारांना संकोच वाटला नाहीं.

संकोच वाटतो तो सत्तेला. १९ जुलै १९३७ रोजीं म्युनिक येथें नाझी राजवटीनें सुमारें ६५० कलाकृतींचें 'अधःपतित कला' या नांवाचें प्रदर्शन उघडलें, तें लोकांनीं त्यांची छीःथू करावी म्हणून. त्यांत ओट्टो डिक्स याचें पहिल्या महायुद्धांत पंगु झालेल्या सैनिकांचें चित्र होतें. डिक्स स्वतः त्या युद्धांत लढला होता. ज्या राजवटीला पुढच्या युद्धासाठीं तरुण हवे होते, तिला लांकडी पायांचे सैनिक कसे सोसावे ?

हिंदुस्थानांतहि असेंच घडलें. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत चित्तप्रसाद या चित्रकारानें मिदनापूर जिल्ह्यांत हिंडून उपासमारीनें खंगलेल्या माणसांचीं रेखाचित्रें काढलीं. तीं 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेंत प्रसिद्ध झालीं आणि ब्रिटिश सरकारनें तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. पुस्तिका नाहींशी झाली. पण दुष्काळ त्यामुळें हटला नाहीं. लाखों माणसें मेलीं.

जें जें ओंगळ तें तें कला, असा याचा अर्थ नव्हे. केवळ धक्का देण्यासाठीं मांडलेली घाण रसाला पोंचत नाहीं. परंतु एखाद्या चित्रापुढें मन आक्रसलें, तर रसिकानें क्षणभर थांबून स्वतःलाच विचारावें : रेषा चुकली आहे, कीं सत्य बोचलें आहे ? रेषा चुकली असेल, तर दोष चित्रकाराचा. सत्य बोचलें असेल, तर दोष चित्राबाहेर शोधावा लागतो. आणि तेथें तो बहुधा सांपडतोहि.