बालवाडीतली बाई विडी ओढते काय?

रसायनीसारख्या कारखान्यांच्या गावात कित्येक घरांतून आईबाप दोघेही कामावर जातात. मूल दिवसभर बाईंच्या हवाली. त्यांच्या पदराला धुराचा वास आला की कुजबुज सुरू होते, "बाई विडी ओढते!"

वास हा पुरावा नव्हे. तो चुलीचा असेल, घरी विडी ओढणाऱ्या नवऱ्याचाही असेल. आपल्याकडे बायकांत विडीपेक्षा मशेरीच अधिक, आणि तिला धूर नसतो. पण डबी रांगत्या मुलाच्या हाती लागली तर ते विषच. तेव्हा लक्ष ठेवायचे ते डबीवर आणि थोटकांवर.

संशय आलाच तर चारचौघांत विचारू नका. त्यांची रोजी त्यावर आहे. मुख्याध्यापिकांनी बाजूला घेऊन सरळ विचारावे. २००३च्या कायद्याने शाळेत धूम्रपानास बंदी आहे, पण ती धुरापुरती. आवारात मशेरीही नको, हा नियम संस्थेनेच करावा, आणि तो अध्यक्षांनाही लागू असावा. (साहेब हसताहेत!) बाईंनी कबूल केलेच, तर कामावरून काढण्याची घाई नको. तंबाखू सोडवण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. तो नंबर आधी त्यांच्या हाती द्या.