मरणाची कारणं बदलली, आपणही बदलू या



आपल्या पणजोबांच्या काळी
मरण यायचं ते साथीतून.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला.
१९१८ साली इन्फ्लुएंझा आला.
घरंच्या घरं ओस पडली.

मग लसी आल्या.
औषधं आली.
देवीचा रोग देशातून गेला.
२०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला.
माणसाचं आयुष्य वाढलं.

पण श्रोतेहो,
मरणाची कारणं बदलली.

आज आपल्या देशात
दहांतले सुमारे सहा मृत्यू
असंसर्गजन्य आजारांनी होतात.
हे आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाहीत.
हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कर्करोग
आणि श्वसनाचे जुनाट विकार.




साथ आली की गावाला कळायचं.
वाढलेला रक्तदाब मात्र
बहुधा काहीच जाणवू देत नाही.
म्हणून तपासणी हवी.

तिशी ओलांडली असेल,
तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा.
रक्तदाब तपासा.
साखर तपासा.
तिथं ही तपासणी मोफत होते.

तंबाखू सोडा.
मीठ कमी करा.
रोज चाला.

पुन्हा सांगते,
मरणाची कारणं बदलली आहेत.
आता आपल्या सवयी बदलू या.