मनीचं घमेलं

(मंडळाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



आपल्या मंडळात आजवर लोणची-मुरंब्यांपासून मृत्युपत्रापर्यंत कितीतरी विषयांवर भाषणं झाली. मांजराच्या शी-शूवर बोलण्याचा मान मात्र माझ्याच वाट्याला यायचा होता! चिटणीसबाईंना मी चाचरतच विषय सांगितला. त्या आधी हसल्या आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बोलाच तुम्ही. आमच्याकडेही तीच रड आहे." तेव्हा आता नाकाला पदर न लावता ऐका.

आम्ही वाड्यात राहत होतो तेव्हा हा प्रश्नच नव्हता. मागे परस होतं, माती होती. मांजर जाई, उकरी, झाकून टाकी. आपल्याला पत्ताही लागत नसे. वाडा पडला, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आलो, आणि घरात माती उरली ती फक्त तुळशीच्या कुंडीत. मनी दोन महिन्यांची असताना आली आणि तिनं पहिल्याच दिवशी नेमकी तीच कुंडी शोधली. सासूबाईंनी जो काही जप केला, तो देवाचा नव्हता!

पण मला त्यातून एक गोष्ट कळली. मनीला वळण नव्हतं असं नाही. तिला माती हवी होती. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की आपणहून उकरू लागतात. मी एका उथळ घमेल्यात तीन बोटं चाळलेली वाळू घातली आणि ते गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवलं. कुंडीतल्या मातीवर गोटे रचले. मनी जेवली की, झोपून उठली की, तिला उचलून घमेल्यात ठेवायचं आणि आपण बाजूला व्हायचं, एवढंच केलं. चौथ्या दिवशी ती आपली आपण जाऊ लागली.

हल्ली दुकानात मांजरासाठी पिशवीतली माती मिळते. तिची गोष्ट गमतीची आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाचे गृहस्थ कारखान्यांत सांडलेलं तेल शोषून घेणारी माती विकत. 1947 साली एक शेजारीण त्यांच्याकडे मांजरासाठी वाळू मागायला आली. त्यांनी ही माती दिली, आणि त्यातून मोठा धंदा उभा राहिला. ती माती म्हणजे आपण तोंडाला लावतो त्या मुलतानी मातीच्या जातीची! ओल लागताच गोळा होणारी माती पुढे 1980 च्या दशकात आली. ती सोयीची खरी, पण अगदी लहान पिल्लू ती खाऊन बसतं, म्हणून त्याला साधी वाळूच बरी.

आता माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी आली. स्वच्छतेचा मला असा काही उत्साह चढला की मी घमेलं गॅलरीतून उचलून न्हाणीघरात कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी ठेवलं, ते रोज फिनेलनं घासू लागले आणि वाळूच्या जागी सुवासिक माती आणली. तिसऱ्या दिवशी मनीनं बाळासाठी शिवलेल्या गोधडीवर शू केली. मी तिचं नाक त्यावर घासलं आणि दोन चापट्या दिल्या. ती पलंगाखाली जाऊन बसली आणि मग रात्री तिथंच घाण केली.

जाऊबाई म्हणाल्या, "गर्भार बाईच्या घरात मांजर हवंच कशाला? पोत्यात घालून मंडईत सोडून या." दुसऱ्या दिवशी यांनी खरंच पोतं आणलं. मीही गप्प राहिले. बोलली ती मुलगीच. म्हणाली, "आई, आधी डॉक्टरांना तर विचारू. माझ्याही आणि तिच्याही."

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी मनीची लघवी तपासली, कारण मांजर एकाएकी जागा सोडतं तेव्हा पुष्कळदा त्याला दुखत असतं. बोका वारंवार बसतो, कण्हतो आणि थेंबही होत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उशीर झाला तर तो दगावतो. मनीला तसं काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "घरात काय बदललंत?" मी यादी सांगू लागले आणि सांगता सांगताच मान खाली गेली. फिनेलचा वास मांजराला सोसत नाही आणि त्यातली काही द्रव्यं त्याला विषारीही असतात. धडधडणाऱ्या यंत्राशेजारी तर आपणही निवांत बसणार नाही!

मुलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मोसिस नावाचा रोग होऊ शकतो आणि तो गर्भाला धोक्याचा असतो, हे खरं. पण ताज्या विष्ठेतून तो लागत नाही. त्यातल्या जंतूंना रोगकारक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज दुसऱ्या कुणीतरी काढायची, गर्भारणीनं घमेल्याला हात लावायचा नाही, मनीला कच्चं मांस द्यायचं नाही. शिवाय तो रोग कच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो, तिकडेही लक्ष हवं.

घमेलं परत गॅलरीत गेलं, साधी वाळू आली. मी रोज सकाळी एका जुन्या झाऱ्यानं (स्वयंपाकघरातल्या नव्हे!) घाण काढते आणि आठवड्यानं घमेलं साबणाच्या पाण्यानं धुते. जेवणाची वाटी त्यापासून लांब ठेवते. दोन मांजरं असतील तर तीन घमेली ठेवा. जागा बदलायचीच असेल तर रोज थोडी थोडी सरकवा. आणि मारू नका. मारल्यानं मांजर घाण करायचं थांबत नाही, फक्त आपल्यापासून लपून करतं.

मनी आठवड्याभरात घमेल्यावर परतली. माझ्या मांडीवर यायला मात्र तिला दोन महिने लागले. तोवर नात घरात आली होती.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी पोतं बाहेर निघालं असेल, तर आधी माझ्या दाराची घंटा वाजवा. वाळू मी देईन.